सर्पगंधेची मात्रा

रक्तदाबाच्या औषधाबद्दल आपल्याकडे दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, ही पहिली. दुसरी अशी की डॉक्टरांची गोळी एकदा सुरू झाली की ती सुटत नाही, म्हणून होईल तेवढी लांबवावी आणि बरे वाटू लागले की बंद करावी. या दोन्ही समजुती पारखून घ्यायला सर्पगंधेच्या मुळीइतके चांगले उदाहरण नाही, कारण ही मुळी दोन्हीकडे राहून आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती वैदूंच्या बटव्यात होती. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून काढलेल्या द्रव्याची गोळी झाली आणि जगभरातल्या डॉक्टरांनी ती लिहून दिली. तिची हकीकत पाहिल्यावर मला एकच निष्कर्ष काढता येतो: औषध जंगलातून आले की प्रयोगशाळेतून, यावर त्याची सुरक्षितता ठरत नाही. मात्रा किती, दाब मोजला जातो का, रुग्णाची तक्रार कुणी ऐकून लिहून ठेवते का आणि ठरलेली गोळी ठरल्याप्रमाणे पोटात जाते का, यावर ती ठरते.

हात-दीड हात उंचीचे हे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या ओलसर रानांपर्यंत उगवते. औषधी गुण असतो तो मुळीत, त्यातही मुख्यतः मुळीच्या सालीत. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा १५६३ साली गोव्यातच छापलेला ग्रंथ सापाच्या विषावर चालणाऱ्या लाकडांची आणि मुळ्यांची चर्चा करतो. त्यातली एक वनस्पती सर्पगंधा असावी असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तर भारतात तिला 'छोटा चाँद' म्हणत, आणि बिहारात तिचे सरळ 'पागल की दवा' असेच नाव पडले होते. साप चावला, ताप चढला, माणूस बेभान झाला की ही मुळी उगाळून किंवा चूर्ण करून देत. या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. आजार डोळ्यांना दिसणारा होता आणि औषध बहुधा थोडे दिवस चालायचे. वेडाच्या भरात असलेला माणूस शांत झाला की मात्रा पुरेशी झाली हे घरच्यांनाही कळत असे. अनुभवाने आलेले हे ज्ञान खरे होते, आणि त्या कामापुरते ते पुरेसेही होते.

रक्तदाबाचे प्रकरण मात्र निराळे आहे. वाढलेला दाब बहुतेकांना वर्षानुवर्षे जाणवतच नाही. जाणवतो तो पक्षाघात झाल्यावर, हृदय थकल्यावर किंवा मूत्रपिंड निकामी व्हायला लागल्यावर. तो मोजायची सोपी सोयच १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची याने दंडाला बांधायची पट्टी तयार केली तेव्हा झाली, आणि १९०५ साली रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह याने कोपराशी नळी लावून ऐकायची रीत दाखवल्यावर वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे मिळू लागले. आकडे मिळाले, तरी त्यांचे करायचे काय हे पुढची चाळीस वर्षे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. अनेक नामवंत डॉक्टरांचे मत असे होते की आखडलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पोचावे म्हणून शरीरच दाब वाढवते, त्यात हात घालू नये. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४च्या वसंतात १८६/१०८ भरला. जगातली उत्तमातली उत्तम वैद्यकीय सेवा त्यांच्या दाराशी होती. तिने दिले काय, तर डिजिटॅलिस, कमी मिठाचे जेवण, विश्रांती आणि गुंगीचे फेनोबार्बिटल. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले तेव्हा वरचा आकडा ३००वर गेला होता.

ही पोकळी भरायची सुरुवात भारतात झाली, आणि तीही स्वातंत्र्याच्या बरीच आधी. १९३१ साली दोन कामे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी पडते असे लिहिले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतली अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. कोलकात्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाब उतरतो हे दाखवले. एक वैद्यकुळातला, दुसरे रसायनशास्त्रज्ञ, तिसरा औषधशास्त्राचा प्राध्यापक. परंपरा आणि विज्ञान यांची भांडणे लावणाऱ्यांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

तरीही जगाने लक्ष दिले ते १९४९ साली, 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख आल्यावर. त्यांनी पन्नास रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या आणि त्यांचे आकडे छापले. पन्नास ही संख्या आजच्या मानाने लहान आहे, पण वकिलांच्या कामाचे मोल संख्येत नाही. त्यांनी एका मुळीची गोष्ट आकड्यांच्या भाषेत मांडली, आणि म्हणून बॉस्टनमध्ये बसलेल्या रॉबर्ट विल्किन्स यांना ती स्वतःच्या रुग्णांवर पडताळून पाहता आली. विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, वापरल्या, आणि त्यांच्याही रुग्णांचा दाब उतरला. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी विल्किन्स यांना. आपल्या शालेय पुस्तकांत वकिलांचे नाव ठळकपणे यायला हवे होते.

१९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले. ते रिसर्पीन. त्याची सर्पासिल नावाची गोळी लवकरच बाजारात आली. ग्रॅमभर मुळीत रिसर्पीन जेमतेम एखादा मिलिग्रॅम असते, आणि तेही रानारानाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, सालीच्या जाडीप्रमाणे कमीजास्त. शिवाय मुळीत इतर डझनावारी अल्कलॉइडे आहेत आणि त्या सगळ्यांचे काम एकसारखे नाही. आता प्रथमच डॉक्टरला माहीत असलेले वजन लिहून देता येत होते. नेमकी इथेच चूकही झाली. वजन कळले, पण किती वजन पुरेसे हे कळायच्या आत मात्रा वाढत गेल्या. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर रिसर्पीन वापरून नाव मिळवले, आणि वेड्यांच्या इस्पितळांत ते कित्येक मिलिग्रॅमपर्यंत दिले जाऊ लागले. रक्तदाबाच्या रुग्णांनाही आजच्या मानाने मोठ्या मात्रा महिनोन्‌महिने मिळाल्या. त्यांतल्या काहींना गाढ खिन्नता आली: झोप उडाली, कशात मन लागेना, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार आले. १९५४ सालीच वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्राइस यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पीन घेणाऱ्यांच्या या खिन्नतेची नोंद छापली. मेंदूत नेमके काय घडते हे लवकरच उलगडले. चेतापेशी एकमेकींशी ज्या द्रव्यांतून बोलतात त्यांची साठवण रिसर्पीन रिकामी करते. अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पीनने जड झालेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया त्यातून पडला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून घेतला जातो म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. अख्खी मुळी निर्धोक होती, पाश्चात्त्यांनी तिच्यातले एक द्रव्य ओरबाडून काढले आणि तोल बिघडवला, असे म्हणतात. पुरावा या म्हणण्याच्या बाजूने नाही. नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंदावणे, खिन्नता हे परिणाम मुळीच्या गोळ्या घेणाऱ्यांतही दिसले आहेत, आणि दिसणारच. मुळीतले रिसर्पीन पोटात गेले की तेच काम करते. फरक एवढाच की चूर्णाच्या चमच्यात ते किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. पूर्वी हा दोष फारसा उघड झाला नाही, कारण मुळी थोडे दिवस दिली जायची आणि बेभान माणूस मंद झाला तर तोच गुण मानला जायचा. वीस वर्षे घ्यायच्या औषधाला मात्र ही सैल मोजणी चालत नाही. आक्षेपातले खरे तेवढे मान्य केले पाहिजे: कारखान्यातली शुद्ध गोळीही मात्रेचा विचार न करता दिली तर घात करते, आणि १९५०च्या दशकात तिने काहींचा तो केला.

खिन्नतेची नोंद करणारे फ्राइस रिसर्पीन टाकून देतील असे वाटेल. त्यांनी ते लहान मात्रेत, लघवीवाटे मीठपाणी काढणाऱ्या थायाझाइडच्या जोडीला वापरले आणि दाब उतरवून माणसे खरोखर वाचतात का, हा तोवर अनुत्तरित असलेला प्रश्न माजी सैनिकांच्या इस्पितळांतून तपासला. १९६७ साली आलेले उत्तर मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना हायड्रोक्लोरोथायाझाइड, रिसर्पीन आणि हायड्रालाझीन, ७० जणांना दिसायला तशीच पोकळ गोळी. पोकळ गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर आघात झाले, औषधवाल्यांत दोघांना. या अभ्यासाची एक बाजू क्वचित सांगितली जाते. मुख्य प्रयोगाआधीच्या काळात गोळ्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, मिसळले होते. ते लघवीत उतरते आणि अतिनील प्रकाशात चमकते, त्यामुळे गोळी खरोखर घेतली गेली का हे कळायचे. उरलेल्या गोळ्याही मोजल्या जात. नियमित न घेणाऱ्यांना पुढे घेतलेच नाही. दोन विरुद्ध सत्तावीस हा आकडा औषधाचा जितका, तितकाच ते रोज घेणाऱ्यांचा आहे.

भीतीही मात्रेबाहेर जाऊ शकते, याचाही दाखला याच गोळीत आहे. १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये रिसर्पीन आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारे अभ्यास एकाच अंकात आले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण गोळीवरचा डाग पुसला गेला नाही. तोवर नवी औषधे आली होती, आणि स्वस्त, जुन्या गोळीची बाजू घेऊन बोलायला कुणाचा व्यापारी स्वार्थ उरला नव्हता. तरी १९९१ साली छापलेल्या, साठीपुढच्या ४,७३६ जणांवरच्या अमेरिकी अभ्यासात ती पुन्हा दिसते. तिथे पहिले औषध क्लोरथॅलिडोन, आणि गरज पडल्यास दुसरे ॲटेनोलॉल किंवा रिसर्पीन. रिसर्पीनची मात्रा ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे मनोरुग्णांना एके काळी दिल्या गेलेल्या मात्रेचा अगदी छोटा अंश. पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. भारतात 'अडेल्फेन' या नावाने रिसर्पीन आणि डायहायड्रालाझीन यांची जोडगोळी कित्येक वर्षे चालली. जुन्या औषधांच्या दुकानदारांना ते नाव अजून आठवत असेल.

आता दुसऱ्या समजुतीकडे. बरे वाटले की सोडावी, यातली अडचण अशी की या आजारात बरे वाटण्याला साक्ष म्हणून काहीच किंमत नाही. रिसर्पीन बंद केले तरी रिकामी झालेली साठवण भरायला दिवस किंवा आठवडे लागतात; तोवर दाब उतरलेलाच राहतो आणि माणूस समजतो की आजार गेला. त्यानंतर आलेले क्लोनिडिन अगदी उलट वागते: मोठ्या मात्रेवर असताना अचानक थांबवले तर दिवसा-दोन दिवसांत दाब आधीपेक्षाही वर उसळू शकतो. दोन गोळ्या, एकच काम, आणि सोडल्यावरचे दोन टोकांचे परिणाम. कोणती गोळी कशी कमी करायची हे घेणाऱ्याच्या अंदाजाने ठरवता येत नाही ते यामुळे. रिसर्पीनने नाक चोंदते, हेही इथे महत्त्वाचे आहे. चोंदलेल्या नाकासाठी माणूस दुकानातून सर्दीची गोळी आणतो, आणि नाक मोकळे करणाऱ्या अशा अनेक गोळ्या रक्तवाहिन्या आखडून दाब वाढवतात. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांचेही तेच. एका औषधाचा त्रास दुसऱ्याने परस्पर मिटवायला गेले की पहिल्याचे काम फुकट जाते, आणि डॉक्टरला वाटते की मात्रा कमी पडली.

आयुष्यभर गोळ्या खाणे हा कंपन्यांचा फायदा आहे, असेही म्हटले जाते. फायदा होतो हे खरे आहे. पण सर्पगंधेच्या हकिकतीत सर्वांत भक्कम पुरावा आला तो सरकारी इस्पितळांतून, स्वस्त गोळ्यांवर. आज आपल्या देशातही २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत सुरू झालेला रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा जुन्या, पेटंट संपलेल्या औषधांवरच चालतो. पायऱ्या ठरलेल्या, मात्रा ठरलेल्या, आणि प्रत्येक भेटीचा आकडा नोंदलेला. कमी मीठ, चालणे आणि वजन उतरवणे यांनी काहींची गोळी कमी होते, क्वचित सुटतेही. ते ठरवायला लागतो तोच नोंदलेला आकडा.

रानातल्या सर्पगंधेचे मात्र हाल झाले. रिसर्पीनची मागणी वाढली तेव्हा मुळ्या इतक्या उपसल्या गेल्या की निर्यातीवर बंधने आली, कारखाने आफ्रिकेतल्या तिच्या भाऊबंद झाडाकडे वळले, आणि १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित यादीत आहे. मुळी उपटली की झाड संपते, हे त्यामागचे साधे कारण. तरी सर्पगंधेच्या वट्या आजही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि पुष्कळदा त्या रक्तदाबाच्या चालू गोळीसोबतच घेतल्या जातात. वटीतही रिसर्पीन असते, म्हणून दोन्ही मिळून दाब फार खाली जाऊ शकतो, नाडी मंदावू शकते. आणि ज्याला पूर्वी नैराश्य किंवा जठरव्रण झाला आहे त्याने ती घेऊच नये. अशी वटी घेणाऱ्याने डॉक्टरांना तिचे नाव आणि रोजची संख्या सांगितली पाहिजे, आणि वैद्यांना चालू गोळीची चिठ्ठी दाखवली पाहिजे.