पाण्याची गाठ, खाटीक आणि कुत्रा : एका समजुतीचा इतिहास

मेंढीचे काळीज चिरताना कधीकधी पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ निघते. तशीच गाठ माणसाच्या काळजातही सापडते. तेव्हा जनावरातून ती खाटकाच्या हाताला लागली असणार, ही समजूत सहज पटते. हायडॅटिड रोगाचा इतिहास मात्र तिला आधार देत नाही.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड यांनी १८५०च्या दशकाच्या प्रारंभी जनावरांतील गाठींचा अंश कुत्र्यांना खाऊ घातला. पुढे त्या कुत्र्यांच्या आतड्यांत काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी आढळले. १८६३ मध्ये बर्नहार्ड नाउनिन यांनी माणसाच्या गाठीपासूनही हेच दाखवून दिले. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात आणि माती, पाणी, भाजी किंवा कुत्र्याच्या केसांवरून माणसाच्या तोंडात जातात. केवळ गाठ हाताळल्याने हा रोग होत नाही.

त्याच १८६३ साली डॅनिश संशोधक हाराल्ड क्राबे आइसलंडला गेले. तेथे हा रोग घरोघरी माहीत होता. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांत हा कृमी निघाला. त्यांची माहितीपुस्तिका १८६४ मध्ये प्रत्येक घरी विनामूल्य वाटली गेली. गाठी पुरा किंवा जाळा, कुत्र्याला टाकू नका, हा तिचा आशय. लांब हिवाळ्यात वाचनाची सवय असलेल्या त्या देशात ती वाचली गेली, हे विशेष! १८६९ मध्ये कुत्र्यांवर निर्बंध आणणारा कायदा झाला. पुढे घरची कत्तल कमी होऊन ती कत्तलखान्यांत गेली आणि विसाव्या शतकात रोग त्या बेटावरून नाहीसा झाला.

यातून खाटकाच्या धोक्याचे स्थान नेमके कळते. तो सुरीपाशी कमी, टाकलेल्या काळीज-फुफ्फुसांच्या ढिगापाशी अधिक असतो. भिंतीबाहेर कुत्री त्यावर पोसली गेली, तर शेजारच्या वस्तीतील मुलेही त्याच धोक्यात येतात. मग केवळ हातमोजे वाटणे अपुरे ठरते. देवनारसारखे मोठे कत्तलखाने असोत वा तालुक्याच्या गावातील उघडे ओटे, टाकाऊ अवयवांची विल्हेवाट हाच कळीचा प्रश्न आहे.

टोक्सोप्लाझ्माची गोष्ट वेगळी. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांनी वर्णिलेला हा परजीवी कच्च्या मांसातही जिवंत असतो. त्यामुळे मांस हाताळलेला हात न धुता तोंडाला लावणे तेथे खरोखरच धोक्याचे असते.