रिकाम्या बाटलीची गोष्ट

बाटलींत जें असतें त्याविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. त्याची भलावण करणारे आहेत, निषेध करणारे त्याहून अधिक आहेत. आणि आमच्या विदर्भांत, जेथें एका जिल्ह्यांत परवान्याचीं दुकानें आणि शेजारच्या जिल्ह्यांत दारूबंदी, तेथें हा वाद लवकर मिटेल असें दिसत नाहीं. त्या वादांत मी आज पडत नाहीं. बाटलींतील पेय संपल्यावर जी वस्तु मागें उरते तिचा इतिहास आपणांस सांगावा, एवढाच माझा हेतु आहे. उदाहरणासाठीं मुख्यतः बियरची बाटली घेतों. कारण ६५० मिलिलिटरची ही जड, तपकिरी बाटली आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरत आली आहे, आणि आतां तिचें तें फिरणें मंदावूं लागलें आहे.

मुंबईचें जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा हीं नांवें ठाऊक नाहींत असा सुशिक्षित मराठी मनुष्य विरळा. परंतु ज्यांच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें, त्या सर जमशेटजी जीजीभाई यांना त्यांच्या काळीं लोक ‘बाटलीवाला’ म्हणत, हें फार थोड्यांस माहीत असतें. जमशेटजींचा जन्म १७८३ चा. सोळाव्या वर्षीं आईबापांचें छत्र हरपलें, आणि हा मुलगा मुंबईंत आपले मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयास राहिला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्या घेऊन त्या पुन्हां विकण्याचा. म्हणून आडनांवच बाटलीवाला. पुढें १८०३ मध्यें मामांचीच कन्या अवाबाई हिच्याशीं जमशेटजींचा विवाह झाला, आणि मामांच्या धंद्याबरोबर त्यांचें उपनांवहि भाच्याकडे आलें. पत्रव्यवहारांत जमशेटजी कित्येकदां तें लावीत. १८४२ मध्यें ‘सर’ ही पदवी मिळाली, १८५७ मध्यें ते बॅरोनेट झाले, तेव्हां मात्र बाटलीवाला हें नांव मागें राहिलें. त्यांची खरी संपत्ति बाटल्यांची नव्हे. ती चीनशीं चाललेल्या कापसाच्या व अफूच्या व्यापाराची, आणि ती कथा तितकी निर्मळ नाहीं. असो. आपल्याला येथें एवढेंच पाहावयाचें कीं, अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईसारख्या शहरांत रिकाम्या बाटल्यांवर एक प्रतिष्ठित कुटुंब चालत होतें.

तें कसें चालत होतें? आपल्या देशांत बांगड्या, मणी व अत्तराच्या कुप्या करणारे कारागीर पूर्वींपासून होते. पण सारख्या मापाची, जाड बुडाची, बूच घट्ट बसेल अशी बाटली येथें बनत नव्हती. ती विलायतेहून मद्य घेऊन येई. त्यांतून इंग्लंडांत काचेवर वजनाप्रमाणें कर होता. १७४५ मध्यें बसलेला तो कर १८४५ मध्यें उठला. अशा स्थितींत साहेबाच्या मेजावरून उतरलेली बाटली म्हणजे कचरा नव्हे, तो माल होता. बटलर ती विकी, पारशी व्यापारी घेई, धुवून पुढें तेलवाल्यास, गुलाबपाणीवाल्यास, औषधवाल्यास देई. ह्यांत परोपकार कोणाचा नव्हता. प्रत्येकास दोन पैसे सुटत होते, म्हणून बाटली मातींत पडत नव्हती.

हाच प्रकार लष्करी छावण्यांत लहान प्रमाणांत चाले, आणि येथें आपल्या नागपुराचा संबंध येतो. १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्यें कन्हानच्या कांठीं कामठीची छावणी बसली. गोऱ्या शिपायास बियर लागे. ती येई लाकडी पिंपांतून. प्रथम लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या कारखान्याची, आणि १८२० नंतर बर्टन गांवच्या ऑल्सॉप वगैरे मंडळींचीहि. अंमलदारांच्या मेसमध्यें बाटल्या येत. आफ्रिकेला वळसा घालून गलबत मुंबईस लागे, आणि तेथून पुढें घाट चढून नागपुरापर्यंत बैलगाडी. रेल्वे आमच्या गांवास १८६७ मध्यें आली. आतां विचार करा : पेय जेवढें वजनदार, जवळजवळ तेवढीच काच वजनदार. आजचीहि ६५० मिलिलिटरची रिकामी बाटली तागडींत टाकली तर सुमारें अर्धा किलो भरते. ती परत विलायतेस पाठविणें अशक्य, आणि फेकून देणें मूर्खपणाचें. म्हणून ती येथेंच राहिली व येथेंच वापरली गेली. भूगोलानें घालून दिलेली ही काटकसर होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वदेशीच्या चळवळींतून काच आपल्या घरीं बनूं लागली. अंताजी दामोदर काळे यांनीं दरमाणशीं एक पैसा जमविण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनीं तिला बळ दिलें, आणि त्या पैसाफंडांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना उभा राहिला. जपानांत व अमेरिकेंत विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथील पहिले जाणकार. हा कारखाना जितका कारखाना होता तितकीच शाळा होती. तेथें तयार झालेले लोक पुढें देशभर भट्ट्यांवर गेले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, आणि त्याचा प्रभाकर कंदील तर घराघरांत गेला.

त्याच सुमारास अमेरिकेंत निराळीच घडामोड चालू होती. मायकेल ओवेन्स यानें १९०३ मध्यें आपोआप बाटल्या करणारें यंत्र सिद्ध केलें. फुंकणीवाल्याची गरज संपली, बाटली स्वस्त झाली. माणसाची मजुरी महाग आणि बाटली स्वस्त, असें गणित एकदां बसलें कीं रिकामी बाटली गोळा करावयास कोण जाणार? २४ जानेवारी १९३५ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड शहरीं पत्र्याच्या डब्यांतील बियर प्रथम विक्रीस आली. डबा परत करावा लागत नाहीं, हेंच त्याचें मोठें आकर्षण ठरलें. पुढें बाटल्याहि ‘परत नको’ म्हणून विकल्या जाऊं लागल्या. परिणाम इतका लवकर दिसला कीं व्हरमाँट ह्या दुभत्या गुरांच्या राज्यानें १९५३ मध्यें अशा एकदांच वापरावयाच्या बियरच्या बाटल्यांवर बंदी घातली. शेतांत भिरकावलेली काच गवतांतून गाईंच्या पोटांत जात होती, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. कारखानदारांचा जोर मोठा. चारच वर्षांत तो कायदा संपूं दिला गेला. नंतर ओरेगॉन राज्यानें १९७१ मध्यें दुसरी युक्ति केली. बंदी नाहीं, प्रत्येक बाटलीमागें व डब्यामागें पांच सेंट अनामत, आणि रिकामी वस्तु परत दिली कीं अनामत परत. पुष्कळ देशांनीं पुढें हीच वाट धरली. थोडक्यांत, फ्रामजी बाटलीवाल्यांच्या दुकानांत जी किंमत आपोआप होती, ती तेथें कायद्यानें पुन्हां उत्पन्न करावी लागली.

आपल्याकडे तोंवर कायद्याची गरज भासली नव्हती. मी लहान असतांना दवाखान्यांत जातांना बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तींत मिक्श्चर भरी आणि डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी. रेशनच्या दुकानीं रॉकेलची बाटली गळ्याला सुतळी बांधून नेत. मुंबईंत १९४९ नंतर आरेचें दूध काचेच्या बाटलींतून येई आणि रिकामी बाटली दिल्यावांचून भरलेली मिळत नसे. गोटी सोड्याची बाटली तर अद्याप कोठें कोठें दिसते. हिराम कॉड ह्या इंग्रजाची ती १८७० च्या सुमाराची युक्ति. गोटीसाठीं ती फोडणाऱ्या मुलांनीं सोडावाल्यांचें किती नुकसान केलें असेल, त्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

बियरच्या बाटलीचा प्रवास मात्र मोठा शिस्तीचा. हॉटेलांतून व घरांतून ती कबाडीवाला घेतो. तो ठोक व्यापाऱ्यास देतो. तेथें रंग व माप पाहून निवड होते. मग पोत्यांतून ती कारखान्यास जाते. तेथें ऊन पाण्यांत कॉस्टिक सोडा घालून तिला धुतात, जुनी चिठ्ठी गळून पडते, तडा गेलेली बाजूला काढतात, उरलेली पुन्हां भरतात. आपल्या हातीं येणाऱ्या बाटलीच्या खांद्याशीं व बुडाजवळ पांढुरकी, घासलेली कडी दिसली तर समजावें कीं ह्या बाईनें अनेक प्रवास केले आहेत. चांगली बाटली वीसएक फेऱ्या सहज सोसते. फुटली तरी वायां जात नाहीं. वाळू, सोडा व चुनखडी वितळविण्यास सुमारें १५०० अंशांची भट्टी लागते. तींत काचेचा चुरा मिसळला कीं माल लवकर वितळतो, आणि दर दहा टक्के चुऱ्यामागें सुमारें अडीच ते तीन टक्के इंधन वाचतें. तपकिरी चुऱ्यापासून पांढरी काच होत नाहीं, म्हणून निवड महत्त्वाची. तपकिरी रंगाला तरी कारण आहेच; उजेड लागला कीं बियरमधील हॉप्सच्या द्रव्यांत फरक होऊन तिला घाण वास येतो, आणि हा रंग तो उजेड अडवितो.

ही सांखळी आतां कां ढिली झाली? एक तर बड्या कारखान्यांनीं बाटलीच्या काचेंतच आपलीं नांवें उठविलीं. आपली बाटली आपल्याकडेच यावी हा त्यांचा हेतु. पण पूर्वीं कोणतीहि बाटली कोणासहि चाले, ती सोय गेली. दुसरें, लहान बाटल्यांचे व नाना आकारांचे प्रकार वाढले. तिसरें, काच जड, फुटणारी व हात कापणारी; तिच्या भावांत पोत्याचें भाडें सुटत नाहीं, म्हणून पुष्कळ ठिकाणीं कबाडीवाला कागद, लोखंड व प्लास्टिक घेतो आणि काच नाकारतो. अॅल्युमिनियमचा डबा तसा नशीबवान. तो वितळवून पुन्हां धातु करण्यास मूळ खनिजापासून काढण्याच्या मानानें सुमारें ९५ टक्के शक्ति कमी लागते, म्हणून त्याला भाव आहे आणि कचरा वेंचणारे त्याला सोडीत नाहींत. ‘काच चांगली, डबा वाईट’ असें जें सरसकट म्हटलें जातें तें मला पटत नाहीं. वीस फेऱ्या करणारी बाटली डब्याहून खात्रीनें बरी. पण एकदां वापरून भांडेवाडीच्या कचराडेपोंत गेलेली अर्धा किलो काच ही परत वितळलेल्या डब्याहून कितीतरी महाग पडते.

आमच्या विदर्भांत ह्यांत आणखी एक गुंता आहे. वर्ध्यांत दारूबंदी आहे, गडचिरोलींत १९९३ पासून आहे. चंद्रपुरांत ती २०१५ मध्यें आली आणि २०२१ मध्यें उठली. चोरवाटेनें आलेल्या बाटलीला परतीची वाट नसते. जी जवळ सांपडली तर गुन्हा शाबीत होतो, ती विकावयास कोण नेईल? ती नाल्यांत जाते. आणि जप्त झालेल्या बाटल्या रोडरोलरखालीं चिरडतांनाचीं छायाचित्रें आपण वर्तमानपत्रांत पाहिलींच असतील. दारू ओतून द्यावी, पण बाटलीनें काय केलें होतें?

तामिळनाडूंत नीलगिरीच्या जंगलांत फुटक्या बाटल्यांनीं वन्य जनावरांचे पाय कापूं लागले, तेव्हां मद्रास उच्च न्यायालयानें २०२२ मध्यें हात घातला. सरकारी दारूदुकानांनीं बाटलीमागें दहा रुपये अधिक घ्यावेत व रिकामी बाटली आणल्यावर परत द्यावेत, अशी व्यवस्था झाली. बहुतेक बाटल्या परत येऊं लागल्या, आणि पुढें ही पद्धति इतर जिल्ह्यांतहि गेली. आपल्याकडे तिचा विचार करतांना एक प्रश्न मात्र आधीं सोडवावा लागेल : तो दहाचा रुपया पिणाराच घरीं नेणार, कीं ज्यानें ती बाटली रस्त्यावरून उचलली त्याच्याहि हातीं पडणार? पुण्यांत १९९३ मध्यें डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखालीं कचरा वेंचणाऱ्यांची संघटना झाली, तिचें नांवच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्या ओळखपत्रांना महानगरपालिकेनें मान्यता दिली, आणि २००८ मध्यें त्यांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेस पालिकेनें घरोघरचा कचरा उचलण्याचें काम सोंपविलें. नांवांतील काच मधोमध आहे. त्या बायकांच्या पोत्यांत मात्र ती अगदीं थोडी असते, कारण दिवसभर ती पाठीवर वाहून संध्याकाळीं जो भाव मिळतो त्यांत चहाहि येत नाहीं.