पाहुणा खेळाडू

१९४० च्या नाताळात टॉमी लॉटन एकाच दिवशी दोन सामने खेळला. सकाळी एव्हर्टनकडून लिव्हरपूलविरुद्ध, आणि दुपारी ट्रानमिअर रोव्हर्सकडून क्रू अलेक्झांड्राविरुद्ध. लॉटन म्हणजे इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड, एव्हर्टनला १९३९ चं लीग अजिंक्यपद मिळवून देणारा गडी. त्याच दिवशी ब्रायटनचा संघ नॉर्विचला पोहोचला तो अवघ्या पाच खेळाडूंसह. उरलेल्या जागा नॉर्विचच्याच राखीव पोरांनी आणि सामना बघायला आलेल्या सैनिकांनी भरून काढल्या. ब्रायटन १८-० असा हरला, पण सामना झाला.

असल्या उसन्या गड्याला इंग्लंडमध्ये ‘गेस्ट प्लेयर’ म्हणत. मराठीत सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ लिहिलेलं असतं, त्याच चालीवर पाहुणा खेळाडू. तो राहतो आपल्याच घरचा, नाव त्याच घराच्या वहीत, चार दिवस मात्र दुसऱ्याच्या पंगतीला बसतो.

ही गोष्ट किती जगावेगळी होती हे कळायला आधीची शिस्त ठाऊक हवी. इंग्लिश लीगमध्ये खेळाडूची नोंदणी एका क्लबकडे असे आणि ती क्लबच्या मुठीत असे. करार संपला तरी क्लबने ‘आम्ही ठेवून घेतोय’ म्हटलं की त्याला दुसरीकडे पाऊल टाकता येत नसे. जायचं तर क्लबांनी आपसात किंमत ठरवायची. पगारावरही कमाल मर्यादा होती. इतका आवळलेला माणूस शनिवारी भलत्याच क्लबची जर्सी घालून उतरतो, आणि लीग त्याला मान्यता देते, हे शांततेच्या काळात कुणाला पटलं नसतं.

पहिलं पाऊल पडलं ते पहिल्या महायुद्धात. १९१४-१५ चा हंगाम पुरा खेळवला गेला. एप्रिल १९१५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडने चेल्सीला ३-० असं हरवलं, तेव्हा प्रेक्षकांत इतके गणवेशधारी सैनिक होते की तो ‘खाकी कप फायनल’ म्हणूनच ओळखला जातो. त्यानंतर राष्ट्रीय लीग थांबली आणि जवळपासच्या क्लबांच्या प्रादेशिक स्पर्धा सुरू झाल्या. खेळाडूला पगार द्यायचा नाही, फक्त खर्च भरून द्यायचा, असा नियम झाला. माणसं तर सैन्यात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत पांगलेली. मग जो जिथे कामाला, तो तिथल्या क्लबकडून खेळू लागला.

या रीतीची खरी किंमत एका क्लबने मोजली. लीड्स सिटीचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन. युद्धाच्या काळात तो स्वतः लीड्सजवळच्या बार्नबो दारूगोळा कारखान्यात कामाला गेला. इकडे क्लब पाहुण्यांच्या बळावर जोरात होता; ॲस्टन व्हिलाचा क्लेम स्टीफन्सनही त्या पाहुण्यांत होता. युद्ध संपल्यावर तक्रार झाली की या पाहुण्यांना नियम मोडून पैसे दिले गेले. चौकशी समितीने हिशेबाच्या वह्या मागितल्या, क्लबने त्या दिल्या नाहीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये, नव्या हंगामाचे आठ सामने झालेले असताना, लीड्स सिटीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. उरलेले सामने पोर्ट व्हेलने खेळले. आणि १७ ऑक्टोबरला लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा लिलाव झाला. सगळे मिळून ९,२५० पौंड. माणसांवर बोली लागत असताना बाकीच्या क्लबांचे अधिकारी तिथे बसले होते, हे चित्र आजही अंगावर येतं. चॅपमनवरही बंदी आली, ती पुढे उठली. हडर्सफील्ड टाउनकडे गेल्यावर त्याने १९२१ मध्ये विकत घेतलेल्यांत तोच क्लेम स्टीफन्सन होता.

म्हणजे १९३९ मध्ये ही रीत नवी नव्हती. फक्त ती पुन्हा लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

२६ ऑगस्टला हंगाम सुरू झाला, २ सप्टेंबरच्या शनिवारी सामने झाले, ३ सप्टेंबरच्या रविवारी युद्ध पुकारलं गेलं. पहिल्या विभागात तीनपैकी तिन्ही सामने जिंकून ब्लॅकपूल पहिल्या स्थानावर होतं. ते निकाल अधिकृत नोंदीतूनच खोडले गेले. खेळाडूंचे करार स्थगित झाले. कालपर्यंत आठवड्याला आठ पौंडांपर्यंत मिळवणारा माणूस आज बिनपगारी झाला. हवाई हल्ल्याच्या भीतीने आधी गर्दीवरच बंदी आली. ती सैल झाली तेव्हा अनेक मैदानांवर आठ हजारांची मर्यादा होती, प्रवास पन्नास मैलांच्या आत, आणि खेळाडूला सामन्यामागे तीस शिलिंग. ऑक्टोबरात पुन्हा प्रादेशिक लीग उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांना दारं उघडली. मूळ क्लबची परवानगी घ्यायची, एवढीच मुख्य अट. नोंदणी जिथली तिथेच.

या नव्या नकाशात क्लबचं नशीब पैशावर ठरेना, छावणीवर ठरू लागलं. हॅम्पशायरमधलं ऑल्डरशॉट हे लष्करी गाव. तिथला क्लब तिसऱ्या विभागातला, १९३२ मध्ये लीगमध्ये आलेला, मैदान सार्वजनिक बागेतलं. पण सैन्याचे शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक इथेच तयार होत आणि त्यात व्यावसायिक फुटबॉलपटूंचा भरणा होता. पाहता पाहता ऑल्डरशॉटच्या लाल-निळ्या जर्सीत एव्हर्टनचे क्लिफ ब्रिटन आणि जो मर्सर, आणि मधे वुल्व्हजचा स्टॅन कलिस, अशी तिघांची हाफ-बॅक फळी उभी राहिली. हीच फळी इंग्लंडचीही होती. लॉटनही तिथे खेळून गेला. इंग्लंडचे हे नामांकित खेळाडू पाहायला एरवी मोठ्या शहरात जावं लागे. आता ते त्या छोट्या गावाच्या अंगणात आले होते. ज्या स्थानिक पोरांची जागा त्यांनी घेतली त्यांना मात्र हा पाहुणचार कडूच लागला असणार, आणि त्यांची बाजूही खरी होती.

ब्लॅकपूलला रॉयल एअर फोर्सची मोठी छावणी होती, म्हणून स्टोक सिटीचा स्टॅन्ले मॅथ्यूज ब्लॅकपूलकडून खेळू लागला. १९४३ मध्ये तर पाहुणेपणाने देशाचीही सीमा ओलांडली. वेम्ब्लीवर इंग्लंड-वेल्स सामन्यात वेल्सचा आयव्हर पॉवेल जखमी झाला, बदली माणूस नव्हता, तेव्हा इंग्लंडचा राखीव खेळाडू स्टॅन मॉर्टेन्सन वेल्सकडून उतरला. बॉम्बर विमानाच्या अपघातातून वाचलेला हा माणूस आपल्याच देशाविरुद्ध खेळला. इंग्लंडने सामना ८-३ असा जिंकला.

पाहुणे येतात म्हणजे कुणीतरी घर सोडून गेलेलं असतं. बोल्टन वाँडरर्सचा कर्णधार हॅरी गॉस्लिन याने ८ एप्रिल १९३९ रोजी, युद्धाच्या पाच महिने आधी, संडरलंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी मायक्रोफोनवरून प्रेक्षकांना देशरक्षणाच्या कामाला लागण्याचं आवाहन केलं, आणि मग संघासह स्वतःच टेरिटोरियल आर्मीत दाखल झाला. क्लबच्या ३५ व्यावसायिक खेळाडूंपैकी ३२ सैन्यदलांत गेले. गॉस्लिन आणि बरेचसे सहकारी ५३व्या फील्ड रेजिमेंटच्या तोफांवर होते. डंकर्कहून परतल्यावर मायदेशी असताना गॉस्लिन नॉर्विचकडून पाहुणा म्हणून खेळला. मग ही रेजिमेंट इजिप्त, इराक करत इटलीत पोहोचली, ती आठव्या भारतीय डिव्हिजनसोबत. याच डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. म्हणजे १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रो नदीकाठच्या लढाईत बोल्टनचे फुटबॉलपटू आणि महाराष्ट्राच्या खेड्यांतले जवान एकाच डिव्हिजनमध्ये होते. त्या डिसेंबरात गॉस्लिन जखमी होऊन वारला. त्याच मराठा बटालियनच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इकडे बोल्टनमध्ये गेलेल्यांच्या जागा पाहुणे आणि पोरं भरत होती. नॅट लॉफ्टहाउसने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबशी नातं जोडलं आणि मार्च १९४१ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो बरीविरुद्ध पहिला सामना खेळला. पुढे त्याला कोळशाच्या खाणीत कामाला जावं लागलं. खाण आणि मैदान, दोन्ही चालू राहिली.

रीत सरत आली ती युद्ध संपल्यावर, आणि जाताना तिने एक वाद मागे ठेवला. नोव्हेंबर १९४५ मध्ये मॉस्कोचा डायनॅमो संघ इंग्लंडला आला. आर्सेनलचे बरेच खेळाडू अजून परदेशी सैन्यात होते, म्हणून क्लबने मॅथ्यूज, मॉर्टेन्सन, फुलहॅमचा रॉनी रूक अशा पाहुण्यांना बोलावलं. रशियन पाहुण्यांनी तक्रार केली की हा आर्सेनल नाही, हा इंग्लंडचा संघ आहे. सामना झाला त्या टॉटनहॅमच्या मैदानावर धुकं इतकं दाट होतं की चेंडू दिसेना. आर्सेनलचा गोलरक्षक जखमी झाल्यावर मध्यंतरानंतर प्रेक्षकांत बसलेला क्वीन्स पार्क रेंजर्सचा हॅरी ब्राउन गोलमध्ये उभा राहिला. डायनॅमो ४-३ ने जिंकला.

३१ ऑगस्ट १९४६ रोजी लीग पुन्हा सुरू झाली, आणि तिचं वेळापत्रक १९३९ च्या अर्धवट हंगामाचंच होतं. नोंदणीच्या वह्या पुन्हा कडक झाल्या, पाहुणे आपापल्या घरी परतले. मॅथ्यूज स्टोककडे परतला खरा, पण त्याचं मन ब्लॅकपूलमध्ये रमलं होतं. तिथे तो आणि त्याची पत्नी एक छोटं हॉटेल चालवत. १९४७ मध्ये ब्लॅकपूलने ११,५०० पौंड मोजून त्याला विकत घेतलं. २ मे १९५३ रोजी वेम्ब्लीवर एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात तो ब्लॅकपूलच्या उजव्या बगलेला उभा होता, आणि समोर बोल्टन. पहिल्या दोन मिनिटांतच गोल केला तो लॉफ्टहाउसने.