नीरा डावा कालवा : गोडे पाणी आणि खारवट जमीन

नीरा खोऱ्यातील कालव्याचा इतिहास बहुधा पुरवठ्याच्या अंगाने सांगितला जातो. पाणी किती साठविले आणि क्षेत्र किती भिजले, एवढाच त्याचा हिशेब असतो. पाण्याच्या गुणाचा प्रश्न त्यात गौण ठरतो. वस्तुतः या खोऱ्यात दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निर्माण झाला.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर पुरंदर, बारामती व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या संरक्षणार्थ हा कालवा हाती घेण्यात आला व १८८५ मध्ये तो सुरू झाला. भाटघर धरणाने त्यास साठ्याचा आधार दिला. ज्वारी-बाजरीची पिके वाचवावीत, हा मूळ हेतू होता. तथापि पाऊस बरा झाला की कोरडवाहू शेतकरी पाणी घेत नसे. सरकारास मात्र दरवर्षी उत्पन्न हवे होते. ही उणीव उसाने भरून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धती आणून उसाचे पाणी ठरावीक गटांत वाटून देण्याचा यत्न केला.

परंतु उसाबरोबर जमिनीत वर्षभर ओल आली. खोल काळ्या जमिनीतून निचरा मंद होतो. भूजलाची पातळी चढली, खालचे क्षार ओलीबरोबर वर आले आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर साचले. कालव्याचे पाणी गोडे असूनही जमीन खारी झाली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पत्रिका प्रसिद्ध केली होती.

या ऱ्हासाच्या पायऱ्या मराठी शब्दांतही आढळतात. पांढरी खपली धरणारी जमीन ती ‘खारवट’. भिजल्यावर चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होणारी ती ‘चोपण’. अशा पट्ट्यात विहिरीचे पाणीही ‘गोडे’ राहत नाही. ते आधी ‘मचूळ’ व मग ‘खारे’ होते. शेताचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांचे खाते कागदोपत्री निराळे असले, तरी भूगर्भात ते एकच असते.

सारांश, दुष्काळनिवारणाच्या योजनेत पाणी आणण्याचा विचार झाला. ते वाहून जाण्याचा विचार मागाहून, चर खणण्याची वेळ आल्यावर झाला. निचऱ्याशिवाय केलेला पुरवठा हा अपुराच पुरवठा होय, हा नीरा खोऱ्याच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.