पीसीओएस : मंद दाह आणि चयापचयाचे आरोग्य

पाळी अनियमित येणे, चेहऱ्यावर राठ केस वा मुरुमे येणे, या तक्रारी अनेक मुली संकोचापोटी घरातही सांगत नाहीत. त्यांमागे पुष्कळदा पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस असतो. मुंबईतील १५ ते २४ वयोगटाच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर अधिक काटेकोर निकषांनुसार १०.७ टक्के मुलींत तो आढळला.

हा विकार केवळ बीजांडकोशाचा नाही. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते आणि त्यामुळे बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात. पोटाची चरबी दाहकारक द्रव्ये सोडते. हा मंद दाह इन्सुलिनचा प्रभाव आणखी घटवतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे सडपातळ भारतीयांतही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून बारीक मुलींनीही गाफील राहू नये.

हर्णे बंदरावर मिळणारे बांगडे, तारल्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांनी युक्त असतात. ते तळण्यापेक्षा कालवणात घ्यावेत, ताटातला भात कमी करावा आणि रोज चालावे, असे आम्ही सुचवतो. मात्र आहार हा औषधाला पर्याय नव्हे. तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना भेटावे. निदान झाल्यावर रक्तदाब, रक्तातील चरबी व ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी आवश्यक आहे.

हा मुलीचा दोष नव्हे. योग्य उपचारांनी बहुतेकींना मातृत्वही लाभते, हे आपण घराघरांत सांगू या.