पालशेत ते सुप्रीम कोर्ट

मे १९५३. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर २० वर्षांच्या आनंद गोडबोलेच्या मांडीचं हाड मोडलं. तीन दिवसांनी त्याला पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवलं, असं पुढे कोर्टात सिद्ध झालं. त्याच रात्री तो गेला.

वडील कोर्टात गेले. मृत्यूनंतर १५ वर्षांनी, १९६८मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई कायम केली: ३,००० रुपये. कोर्टाने म्हटलं, रुग्ण घ्यायचा का, उपचार कोणते आणि ते कसे करायचे, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने काळजी घ्यायलाच हवी. चुकल्यास रुग्ण दाद मागू शकतो.

आज हॉस्पिटलला जाब विचारताना आपल्यामागे हा निकाल असतो, आणि एका बापाची १५ वर्षंही.