मुंबईची जुनी छायाचित्रे

मुंबईचे रस्ते, इमारती, बंदर आणि वस्त्या यांची १८५० च्या दशकापासून साधारण स्वातंत्र्यापर्यंत टिपलेली छायाचित्रे या नोंदीत अभिप्रेत आहेत. ती अल्बम, सरकारी कामांचे संच, स्टुडिओंनी विकलेल्या सुट्या प्रती आणि पोस्टकार्डे अशा रूपांत आढळतात. आज ती ‘जुनी मुंबई’ या नावाने दिनदर्शिकांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर झळकतात आणि ‘काय होती मुंबई!’ अशा हळहळीने पाहिली जातात. मात्र टिपली गेली तेव्हा त्यांतली बहुतेक दृश्ये जुनी नव्हती. ती होती कोऱ्या करकरीत मुंबईची, नुकत्याच बांधून झालेल्या शहराची. जे त्या काळीच जुने होते ते कॅमेऱ्यासमोर क्वचित आले, आणि आले तेही बहुधा कुदळ पडण्याच्या बेतात असताना. या चित्रसंग्रहाला हरवलेल्या शहराचा आरसा समजण्यापेक्षा एका बांधकाम-मोहिमेची दप्तरनोंद समजणे अधिक योग्य ठरते.

मुंबईत छायाचित्रणाची कला लवकर रुजली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी अशी एतद्देशीय मंडळी सुरुवातीपासून तिच्यात होती. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. पण पोट भरत होते ते मुख्यतः व्यक्तिचित्रांवर. इमारतींना गिऱ्हाईक मिळाले ते शहराचा नकाशाच बदलू लागल्यावर. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचा पैसा मुंबईत वाहू लागला, १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कोटाचा (फोर्टचा) तट पाडला गेला. त्या तटाची आणि त्याच्या दरवाजांची छायाचित्रे मोजकीच. याउलट चर्चगेट दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये उभ्या राहिलेल्या फ्लोरा फाउंटनची छायाचित्रे मात्र उदंड. म्हणजे ज्या चित्राकडे आपण जुन्या मुंबईची खूण म्हणून पाहतो, ते नेमके जुनी मुंबई पुसल्याची खूण आहे. (चर्चगेटला गेट कुठे, हा नवख्याचा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका बावळट नाही.) क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, सचिवालय आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ चे, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय १८७८ चे, बोरीबंदरचे स्थानक १८८८ च्या सुमारास पुरे झालेले. छायाचित्रांत या इमारतींचा दगड स्वच्छ आणि भोवतीची झाडे रोपट्याएवढी दिसतात, याचे कारण हेच.

यावर आक्षेप असा, की कॅमेऱ्याला हेतू नसतो. समोर असते ते काचेवर उमटते. रस्ते ओस दिसतात तो दोष तंत्राचा, छायाचित्रकाराचा नव्हे. आक्षेपाचा दुसरा भाग बराचसा खरा आहे. त्या काळी चित्र ज्यावर उमटे ती ओल्या कलोडियनची काच रसायन सुकायच्या आत वापरून धुवावी लागे, प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे, आणि तेवढ्या वेळात चालता माणूस धूसर डाग होई किंवा पार नाहीसा होई. ही काच निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्यामुळे आकाशही ढगांविना कोरे उतरे. पण तंत्राने माणसे पुसली हे कुणाला खटकले का? उभ्या इमारतीसाठी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला गर्दी नकोच होती. आणि माणसे हवी झाली तेव्हा ती आणण्याची युक्तीही निघाली. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींचा जो चित्रग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढला, त्यात स्टुडिओत उभी केलेली माणसे मुंबईच्या वेगळ्या टिपलेल्या दृश्यांवर चिकटवलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटते की ही मंडळी त्या जागी उभी होती. गंमत अशी, की पहिला खंड निघाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्याच्या तावडीतून निसटलेली वर्दळ, धंदे, देवळे, बाजार या मराठी ग्रंथात ठासून भरले आहेत. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की काचेने काय गाळले ते आपोआप दिसते.

कोटाबाहेरच्या दाट वस्तीकडे कॅमेरा खऱ्या अर्थाने वळला तो १८९६ च्या प्लेगमुळे. प्लेग समितीच्या कामाच्या निमित्ताने कॅप्टन सी. मॉस यांनी १८९६–९७ मध्ये टिपलेल्या अल्बममध्ये चाळी, गल्ल्या, घरझडती घेणारी पथके, इस्पितळे आणि रुग्ण दिसतात. या वस्त्यांच्या आतील आयुष्याचा त्याहून जवळचा दृश्य पुरावा त्या काळात फारसा मिळत नाही. पण इथे घर हे घर म्हणून टिपलेले नाही, रोगाचे ठिकाण म्हणून टिपलेले आहे. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, वस्त्या कापत प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड गेले, आणि छायाचित्रांना पुन्हा नवे रुंद रस्ते मिळाले. यालाही उत्तर दिले जाते: विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पोस्टकार्डांत बाजारपेठांची गर्दी आहेच की. आहे खरी. सुक्या जिलेटिन काचा आल्यावर क्षणभराचे दृश्यही पकडता येऊ लागले. तरी पोस्टकार्ड दूरदेशी पाठवण्यासाठी विकले जाई आणि विकणाऱ्याला ‘पूर्वेकडचा बाजार’ हवा असे. त्यासाठी रंगही बरेचदा नंतर चढवले जात. त्या चित्रातील धोतराचा रंग पुरावा म्हणून कुणी सांगू लागला तर त्याला थांबवावे.

मग या चित्रांचा उपयोग काय? छायाचित्रकाराने जे दाखवायचे ठरवले त्यापेक्षा जे त्याच्या नकळत चौकटीत आले ते अभ्यासकाला अधिक कामाचे असते. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची १९०७ मध्ये. म्हणून ट्रामच्या रुळांवर तारा दिसत असतील तर चित्र १९०७ च्या आधीचे नाही. विद्यापीठाचे सभागृह पुरे झालेले पण राजाबाई टॉवर अर्धवट, असे चित्र १८७४ ते १८७८ मधले. ताजमहाल हॉटेल (१९०३) उभे आहे आणि समोर गेटवे (१९२४) नाही, तर मधली वीस-एकवीस वर्षे. काळ्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला असेल तर १८७९ ते १९६५. पुतळा राणीच्या बागेत गेला, ‘काळा घोडा’ हे नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. उलट अल्बमवरील तारखेवर किंवा पोस्टकार्डाच्या शिक्क्यावर विसंबणे धोक्याचे, कारण स्टुडिओ एकाच काचेच्या प्रती वर्षानुवर्षे विकत. शिक्का एवढेच सांगतो की दृश्य त्याआधीचे आहे. काच उलटी छापली गेली की डावे-उजवेही बदलते, ते दुकानाच्या पाटीवरून कळते. अशा वाचनात हळहळीला जागा कमी उरते हे खरे. पण राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेल्या एखाद्या चित्रात ओव्हलपलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच त्यापुढे समुद्र दिसतो, तेव्हा मरीन ड्राइव्हची सारी रांग नंतरच्या भरावावर उभी आहे हे नकाशापेक्षा लवकर ध्यानात येते.